खंडेनवमीला गार पडलेली पेटी

बाळांनो,

आज सकाळी तुमच्या आईच्या जुन्या कॉलेजातून फोन आला. तिच्या वेळच्या विभागप्रमुखांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होताहेत. गौरव-अंक काढायचा आहे. त्यात ‘आमच्या प्रयोगशाळेतून घडलेली शास्त्रज्ञ’ म्हणून तुमच्या आईचा फोटो हवा आहे आणि तिच्याविषयी माझ्या चार ओळी. मी म्हटलं, बघते. फोन ठेवला आणि हे लिहायला बसले. त्या अंकात जे छापून येईल ते तुम्ही कधीतरी वाचाल. त्याआधी माझ्याकडचं तुमच्यापाशी असावं. मराठी तुम्हाला अडखळत वाचावं लागेल, चालेल. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण हे इंग्रजीत लिहिलं तर मी नको इतकी सभ्य होईन.

सुरुवात तुमच्या आजोबांच्या पायापासून. निफाडहून स्कूटरवर येताना उसाच्या ट्रॉलीचा धक्का लागला आणि नडगीचं हाड मोडून कातडीबाहेर आलं. हाड बसवलं, पण आत पू धरला. हाडातला पू फार चिवट. पोटात घेतलेलं औषध रक्तातून जातं आणि मेलेल्या हाडात रक्तच पोचत नाही. गोळ्यांनी पोटाचं वाटोळं होतं, पाय वाहतच राहतो. कितीतरी वर्षं आमच्या घराला ड्रेसिंगचा वास होता. तुमची आई त्याच वासात अभ्यास करून मोठी झाली, आणि संशोधनासाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा तिने हाडच निवडलं.

तिचं काम तिने मला समजावलं होतं तसंच सांगते. शरीरात हळूहळू विरघळणारं एक प्रकारचं प्लास्टिक असतं. ते पातळ करून त्यात औषध मिसळायचं, सिरिंजमध्ये भरायचं आणि सुईला विजेचा प्रचंड दाब द्यायचा. सुईच्या टोकातून केसाहून कितीतरी बारीक तंतू सुटतो आणि समोर फिरणाऱ्या रुळावर बसत जातो. त्याची पांढरी जाळी तयार होते. हाडातल्या पोकळीत ती ठेवायची. तंतूंमधून औषध थोडं थोडं झिरपतं, हाडाच्या पेशी तंतूंना धरून वाढतात आणि हाड भरलं की जाळी विरघळून जाते. इमारत उभी राहिली की परांची उतरवतात, तसं.

“बाबा, जत्रेत म्हातारीचे केस करतात ना, अगदी तसंच दिसतं,” ती पहिल्या दिवशी घरी येऊन म्हणाली.

“त्याला प्रयोगशाळा कशाला हवी? म्हातारीचे केस आपल्या घरात रोज गळतात,” आजोबा माझ्याकडे बघत म्हणाले.

“तुमची ड्रेसिंगं करून करून गळलेत ते,” मी म्हटलं.

तेव्हा आम्ही हसायचो. एक मात्र स्पष्ट सांगते, नाहीतर तुम्ही भलतीच गोष्ट रचाल. ती जाळी आजोबांच्या पायात कधीच बसणार नव्हती. तिची चाचणी सशावरसुद्धा झालेली नव्हती. आधी काचेच्या बशीत, पेशींवर, ती चालते की नाही हे दाखवायचं होतं. त्यासाठी हाडाच्या पेशी दुसऱ्या शहरातून मिनतवारीने मिळाल्या होत्या. जाळीच्या तुकड्यांवर त्या सोडून तिने बशा एका पेटीत ठेवल्या. अंगाच्या उबेइतकी ऊब सतत राखणारी ही पेटी, इन्क्युबेटर. औषध शेवटपर्यंत झिरपत राहतं का आणि पेशी तोवर तग धरतात का, हे त्या पेटीतून ठरणार होतं. त्यावर तिची डॉक्टरेट होती, आणि डॉक्टरेट झाली की तिथेच, नाशकात, नोकरी. ती रविवारीही जायची. “पेशींना वाढून येते,” म्हणायची. आजोबा म्हणायचे, “मला कधी इतकं वेळेवर वाढलं नाहीस.”

प्रयोगाचे शेवटचे दिवस नेमके नवरात्रात आले. आजोबांना पुन्हा ताप चढला, पाय सुजला. डॉक्टरांनी दाखल करून घेतलं आणि हाड खरवडायचं ऑपरेशन नवमीला ठरलं. आदल्या दिवशी तुमची आई विभागप्रमुखांना भेटली. मी बरोबर होते.

“सर, मी दोन दिवस येऊ शकणार नाही. पेटी तेवढी चालू राहू द्या.”

“अगं, तू वडिलांकडे बघ. इथलं माझ्यावर सोड.”

नवमी म्हणजे खंडेनवमी. शस्त्रांची, अवजारांची पूजा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत लेथला हार घालतात, यंत्रांना त्या दिवशी विश्रांती. मीही घरी करते. शिलाई मशीन, स्कूटर, मिक्सर, विळी, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. फ्रिजलाही वाहते. पण फ्रिज बंद करत नाही.

ते ऑपरेशन पार पडलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी हॉस्पिटलातून परस्पर कॉलेजात गेलो. प्रयोगशाळेला झेंडूचं तोरण. तंतू काढायच्या यंत्रावर कुंकवाची बोटं. पेटीवर तिने ‘डू नॉट स्विच ऑफ’ असं मोठ्या अक्षरांत चिकटवलं होतं, त्यावर बरोबर हार लटकत होता. पेटीचा दिवा लागलेला नव्हता. तिने दार उघडून आत हात घातला आणि तसाच ठेवला.

“गार आहे,” ती म्हणाली.

पूजेनंतर विभागप्रमुखांनी स्वतः मेन स्विच खाली ओढला होता. इन्व्हर्टरसुद्धा. तेवढ्यात ते आलेच, हातात आपट्याची पानं.

“या, या. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा.”

“सर, पेटी बंद होती.”

“सगळंच बंद होतं. खंडेनवमीला यंत्र चालवायचं नाही, ही आपल्या विभागाची पद्धत आहे. पेशी काय, पुन्हा वाढतील.”

मी विचारलं, “सर, घरचा फ्रिज बंद केला होतात का हो?”

ते हसले. “फ्रिजमध्ये दूध असतं, बाई.”

“यातही जिवंतच होतं काहीतरी.”

ते तिच्याकडे वळले. तिला म्हणाले, “हे बघ, अहवालात लिही, वीज गेली होती. आपल्याकडे वीज जाते, यात कोणाला नवल वाटणार? मी सही करतो, तुला मुदत वाढवून मिळेल. मी बंद केली असं लिहिलंस, तर मी कशावर सही करू?”

बाळांनो, तुम्ही नाशकात का वाढला नाहीत, ते इतकंच आहे. पेशी दुसऱ्यांदा मिळवता आल्या असत्या. जाळी पुन्हा करता आली असती. फक्त एक वाक्य खोटं लिहायचं होतं.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या खाटेवरून आजोबा म्हणाले, “लिहून टाक ना. वीज काय तुझ्यावर दावा लावणार आहे? मला अजून किती वेळा उघडतील कोण जाणे, तू इथे असावीस.” ते रडत होते.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, “नको लिहूस.”

तिने नाही लिहिलं. सही झाली नाही, मुदत संपली. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने तिला घेतलं. तिथे तिने पहिल्या तंतूपासून सुरुवात केली, तिथेच लग्न केलं, तिथेच तुम्ही झालात. आजोबांचा तो पाय आखूड झाला, ते पुढे एका बाजूला उंच टाचेचा बूट घालून चालले, आणि शेवटपर्यंत, तुमचा फोन ठेवल्यावर, मला म्हणायचे, “तुझं एक ‘नको’.” ते गेले तेव्हा तुमची आई विमानात होती. आज विचारलं तरी मी नकोच म्हणेन. पण म्हणून ते गोड होत नाही. तुमचे वाढदिवस मी पडद्यावर पाहिले. केक कापताना तुम्ही मला दाखवायला तो कॅमेऱ्याशी आणायचात आणि मला नुसती क्रीम दिसायची.

आणि आता त्यांना तिचा फोटो हवा आहे. घडलेली म्हणे, त्यांच्या प्रयोगशाळेतून! आज संध्याकाळी त्यांना फोन करून सांगणार आहे की फोटो मिळणार नाही. आणि चार ओळी हव्याच असतील तर लिहा: खंडेनवमीला वीज गेली नव्हती.

त्या दिवशी पेटीतलं सगळं फेकून द्यावं लागलं. पण वेगळा ठेवलेला, पेशी न सोडलेला जाळीचा एक तुकडा तिने माझ्या हातात दिला होता. पोस्टाच्या तिकिटाएवढा. ओल लागली तर तो खराब होतो, म्हणून मी तो घट्ट झाकणाच्या डबीत ठेवला आहे. नव्या चपलांच्या खोक्यात ओल शोषणारी पुडी येते, तशी एक त्यात आहे, दर पावसाळ्याआधी बदलते. त्यातलं औषध आता निकामी झालं असेल, असं तुमची आई म्हणते. जाळी अजून पांढरी आहे. माझ्या कपाटात, दुसऱ्या खणात, डाव्या हाताला.