परत केलेलं पाकीट

मागच्या आठवड्यात सदरमधल्या एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. त्यांच्या सासूबाईंची पंच्याहत्तरी होती आणि माझ्या नातीने तिथे गावं अशी त्यांची इच्छा. नात हल्ली गाण्यावरच पोट भरते, त्यामुळे आपला आकडा आधीच सांगून मोकळी होते. तो आकडा ऐकून बाईंनी माझा नंबर फिरवला.

"काकू, तुम्ही तर कधी एक पैसा घेतला नाही म्हणतात. मग ही पोरगी कोणावर गेली?"

मला इतकं हसू आलं की बशीतला चहा पदरावर सांडला. माझी ती कीर्ती अजून जिवंत आहे तर!

तेव्हा मी पंचवीस-सव्वीस वर्षांची असेन. भावगीतं, भक्तिगीतं गायची. आवाज बरा होता, तोरा त्याहून बरा. रामदासपेठेतल्या एका मंडळात माझा पहिला मोठा कार्यक्रम झाला. शेवटी अध्यक्षांनी शाल, नारळ आणि पाकीट पुढे केलं. मी शाल घेतली, नारळ घेतला, पाकीट मात्र दोन्ही हातांनी मागे सारलं आणि माइकवर म्हणाले, "मी सरस्वती विकत नाही."

काय टाळ्या पडल्या! गाण्याला पडल्या त्याच्या दुप्पट. मला चटकच लागली. पुढे भैरवीपेक्षा त्या वाक्याचा रियाज जास्त व्हायचा, तोही आरशासमोर, पदर सावरत. घरी नवऱ्याचा बँकेतला पगार दर महिन्याला येत होता, तेव्हा सरस्वती न विकणं मला अगदी परवडत होतं.

एवढ्या शहाण्या बाईच्या डोक्यात एक गोष्ट शिरली नाही. आमच्याकडे पाकीट एकच मिळतं, गाणाऱ्याच्या हातात. साथीदाराला त्यातूनच द्यायचं. माझे तबलजी काटोलहून एसटीने यायचे, डग्गा मांडीवर घेऊन. त्यांचं घर तबल्यावरच चाले. मला वाटायचं, त्यांचं मंडळ वेगळं बघत असेल. विचारायची तसदी मी घेतली नाही. त्या नारळाच्या वड्या करून चार त्यांना डब्यात द्यायचे आणि स्वतःवरच खूश व्हायचे.

असे चार कार्यक्रम झाले. पाचव्याची तारीख सांगायला मी त्यांना भर दुपारी बसस्टँडवर गाठलं.

"ताई, मी नाही येत," ते म्हणाले. "लग्नाच्या बँडात ढोल वाजवून राहिलो आता."

"काहून? तुमचा हात आणि ढोलावर?"

"तुमची सरस्वती इकत नाही, बराबर आहे. पन माह्या तबल्याच्या पुडीचं चामडं फाटलं तं दुकानदार फुकट चढवून देत नाही ना."

"अहो, मंडळ देत नाही का तुम्हाला?"

"कोन देते? पाकीट तं तुम्ही वापस करता." मग माझं तोंड बघून त्यांनाच दया आली असावी. "वड्या चांगल्या असतेत, ताई."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाला, "अवं, स्वतःचं वापस करत होती तोवर ठीक होतं. त्याचं कोणाले विचारून वापस केलं?"

माझी झोप उडाली, पण त्यात पश्चात्तापाहून भीती मोठी होती. मी ताल सोडला की तेच मला असे समेवर आणून ठेवायचे की लोकांना ती माझी लकब वाटे. ते गेले की माझी लकब उघडी पडणार होती! दुसऱ्या दिवशी काटोलची बस पकडून त्यांच्या दारात उभी राहिले. "पाकीट घ्याल तं येतो," एवढंच म्हणाले ते.

पाचवा कार्यक्रम छान रंगला. शेवटी अध्यक्ष अभिमानाने माइकवर आले. "आपल्या ताई मानधन घेत नाहीत हे सर्वांना ठाऊकच आहे. म्हणून आम्ही पाकीट आणलंच नाही!"

टाळ्यांचा कडकडाट. मी वळून पाहिलं. तबलजी खाली मान घालून तबल्याची गवसणी शोधत होते. मी माइक ओढला.

"घेते," मी म्हणाले. "आजपासून घेते. आणि दोन पाकिटं हवीत. एक माझं, एक यांचं."

अध्यक्ष आपलेच खिसे चाचपू लागले, खजिनदार दाराकडे पळाला. आणि मागून तबल्यावर दणदणीत एक 'धा' वाजला.

लोक हसत सुटले. त्या दिवशी मला सर्वांत मोठी टाळी मिळाली, आणि ती पैसे मागितल्याबद्दल होती. तबलजी पुढे वीस वर्षं माझ्याबरोबर वाजवत राहिले. कीर्तीची बातमी मात्र जुनीच फिरत राहिली, कारण नवी ऐकून कोणाचा फायदा होता?

"मग काकू, नातीला सांगता ना थोडं?" फोनवर बाई विचारत होत्या.

"सांगते की," मी म्हटलं. "तिचा आकडा तिचा, त्यात मी पडत नाही. तबल्याचं पाकीट वेगळं ठेवा. आणि हो, नारळ दोन आणा."