पक्क्या रंगाची गोधडी

आमचं कापडाचं दुकान हुबळीच्या बाजारात होतं आणि आमच्या अप्पांना वाटायचं की हुबळीचा बाजारच त्यांच्या दुकानात आहे. गिऱ्हाईक गादीवर टेकायच्या आत ते ठाण उलगडत आणि वर सांगत, "रंग पक्का. गेला तर कापड परत आणा." परत आणलेलं कापड मी कधी पाहिलं नाही. आणणाऱ्याला अप्पा आधी कुठल्या पाण्यात धुतलं ते विचारत, मग कुठल्या साबणानं ते विचारत, मग धुणाऱ्या बाईची अक्कल काढत. शेवटी तो माणूस आपलंच चुकलं म्हणत जाताना आणखी दोन वार कापड घेऊन जाई.

दुकानात एक कायदा होता: नव्या कापडाला पाणी लागता कामा नये. पावसाळ्यात आम्ही भिजून घरी आलो तर कुणी विचारत नसे, पण गोदामाच्या कौलातून एक थेंब ठाणावर पडला की घरात सुतक. ओलं झालेलं कापड म्हणजे मेलेलं कापड, असं अप्पा म्हणत. हे सांगते, कारण पुढचा सगळा घोटाळा या कायद्यातून झाला.

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, धारवाडात मळमड्डीला दिली होती. सासरे शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले. त्या घरात वर्तमानपत्रसुद्धा इस्त्री केल्यासारखं घडी घालून ठेवत. दुकानदाराची मुलगी करून घेतली हे आपण उपकार केले, असं त्या मंडळींनी तोंडानं कधी म्हटलं नाही. चहा देतानाच ते समजायचं. अक्काला तिथं आपलं वजन राखायचं होतं आणि त्यासाठी माहेरचं नाव चांगलं राहायला हवं होतं. माहेराकडून दुसरं काही जाण्यासारखं नव्हतंच.

तिचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे. आईनं पाचव्या महिन्यापासूनच गोधडीची तयारी धरली. ट्रंकेतून आपली विटलेली लुगडी काढली, अप्पांची दोन जुनी धोतरं काढली. प्रत्येक कापड ती उजेडात धरून विरलेला भाग बघे, मग दोन्ही हातांनी ताणे. फाटलं तर पोतेऱ्याला, टिकलं तर गोधडीला. काठ उसवून बाजूला ठेवले, कारण जरीची तार बाळाला टोचते. मग सगळं रिठ्याच्या पाण्यात घालून तीन उन्हं दिली. शेवटची परीक्षा माझी होती. मी पी.यू.सी.ला होते, तरी डोळे मिटून प्रत्येक तुकडा गालावरून फिरवायचा आणि खरखर लागली की सांगायचं. कॉलेजात मला कुणी काही विचारत नसे, त्यामुळे हे काम मी फार गंभीरपणे करी.

कौदी, म्हणजे आमच्याकडची गोधडी, शिवणारी बाई आली त्या दिवशी अप्पा जेवायला घरी होते. त्यांनी गठ्ठा बघितला आणि कपाळाला हात लावला.

"कापडवाल्याच्या नातवाला चिंध्या? मळमड्डीचे लोक काय म्हणतील? गोदाम भरलंय की आपलं!"

"अहो, बाळाला जुनंच लागतं," आई म्हणाली.

"मग जुनं करू या काय नवं? बघ, कसली गोधडी देतो!"

तासाभरात दुकानातून माल आला. वरच्या बाजूला तांबडं भडक छापील छीट, आत खळ घातलेला करकरीत मांजरपाट, आणि कडेला, शोभेला म्हणून, टेरिकॉटची निळी पट्टी. टेरिकॉट त्या काळी नवं होतं आणि अप्पांना ते कुठंही लावावंसं वाटायचं. आईचा गठ्ठा कोपऱ्यात गेला. पुढं वर्षभर आमची फरशी आईच्या लग्नातल्या लुगड्यानं पुसली जात होती.

कौदीवाल्या बाईनं छीट दोन बोटांत चोळलं, वास घेतला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हळी अरिवी इल्लेनू?" जुनं कापड नाही का, असं तिनं आईला विचारलं. मग अप्पांकडे वळून मराठीत म्हणाली, "अण्णा, नवंच घालायचं तर आधी रातभर पाण्यात भिजत घाला. खळ जाऊ द्या, आटायचं ते आटू द्या, रंग सुटायचा तो सुटू द्या. मग मी सुई धरते."

अप्पा लालबुंद झाले. "माझ्या दुकानाचं कापड मीच धुवून बघू? हे गिऱ्हाइकाला कळलं तर दुकानाला कुलूप! रंग पक्का आहे, बाई. शिव तू."

तिनं शिवली. टेरिकॉटमध्ये तिची सुई दोनदा मोडली आणि दोन्ही वेळा तिनं अप्पांकडे बघितलं. गोधडी झाली मात्र देखणी. गल्लीतल्या बायका बघून गेल्या. घातली की उभी राहील इतकी कडक होती, पण बघायला आलेल्यांना कुठं अंगावर घ्यायची होती?

बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर अक्का ती घेऊन मळमड्डीला गेली. सासूनं चार शेजारणींसमोर गोधडी उलगडली. "दुकानचीच दिसते," म्हणाल्या. अप्पांना हे कळलं तेव्हा त्यांनी ती स्तुती समजून पेढे आणले.

पुढचं मला महिन्यानं कळलं. मी हुबळीहून बसनं लाडू घेऊन गेले होते. परसात धुण्याच्या दगडापाशी अक्कानं मला सांगितलं. बाळ तान्हं, ते काय करणार? पहिल्याच रात्री त्यानं गोधडी भिजवली आणि सकाळी अक्कानं त्याला उचललं तर मानेपासून टाचेपर्यंत पाठ तांबडीलाल. सासूनं बघितलं असतं तर डॉक्टरला बोलावलं असतं, आणि डॉक्टर गेल्यावर आमच्या अप्पांना. अक्कानं झटपट खोबरेल लावून बाळ पुसलं. पण चादरीवरचा डाग काही निघेना, आणि तेवढ्यात सासू दारात.

"काय गं हे?"

"कुंकवाचा करंडा सांडला, आई," अक्का म्हणाली.

कुंकू सांडणारी सून! त्यापेक्षा तिनं चोरी कबूल केली असती तर घरात कमी बोभाटा झाला असता. सासूनं देवाला दिवा लावला, मुलाच्या आयुष्यासाठी शनिवार धरले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं. हळदीकुंकवात अक्काच्या हातात करंडा देणं बंद झालं. गोधडी तिनं लपून धुतली, तर आतला मांजरपाट आटला आणि वरचं छीट फुगलं. ती तशी वाळत घातलेली बघून सासरे म्हणाले, दुकानदारांच्या मुलींना विकायचं शिकवतात, धुवायचं नाही. अक्का हे सगळं सांगताना रडली नाही. मी रडले.

"अगं, खरं का नाही सांगितलंस?"

"अप्पांचं नाव गेलं असतं."

मी घरी येऊन अप्पांना करंड्यासकट सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी विरघळतील. अप्पांनी शांतपणे सुपारी कातरली आणि विचारलं, "कुठल्या साबणानं धुतली तिनं?" त्या दिवशी मला अप्पांचा जितका राग आला, तितका पुढे कधी कुणाचा आला नाही. मुलगी त्यांचं नाव डोक्यावर घेऊन उभी होती आणि हे तिला गिऱ्हाइकात धरत होते!

तीन वर्षांनी अक्का दुसऱ्या खेपेला माहेरी आली. एका दुपारी तिला तपासणीहून आणताना ऊन फार होतं, म्हणून मी तिला दुकानात पाणी प्यायला बसवलं. गादीसमोर खेड्यातली एक बाई आपल्या पोटुशी लेकीला घेऊन बसली होती. अप्पांनी त्यांच्यापुढं तांबडं छीट उलगडलेलं. बाळाच्या कौदीला हवं होतं.

"बण्ण होगूदिल्लल्ला?" रंग जाणार नाही ना, बाईनं विचारलं.

"पक्का! गेला तर..."

"जातो," अक्का म्हणाली.

अप्पांना वाटलं, रस्त्यावरून कुणी बोललं. त्यांनी बाहेर बघितलं.

अक्का पेला खाली ठेवून पुढं सरकली आणि त्या लेकीला कन्नडमध्ये सावकाश सांगू लागली: नवं घेऊच नको, तुझ्या आईचं जुनं लुगडं असेल तर तेच घे. घेतलंसच तर मिठाच्या पाण्यातनं दोनदा काढ, उन्हात वाळव, पांढऱ्या फडक्यावर ओलं घासून बघ, आणि मगच बाळाच्या अंगाखाली घाल.

बाईनं एकदा अप्पांकडे बघितलं, एकदा अक्काकडे. "तू कोण गं? समोरच्या दुकानची काय?"

"नाही," अक्का म्हणाली. "मी ह्यांची मुलगी."

अप्पांनी कापड मोजायचा गज उचलला होता, तो तसाच हातात राहिला. पाणी नाही, साबण नाही, कुणाची अक्कल नाही, त्यांना काही म्हणजे काही सुचेना. अप्पांना गिऱ्हाइकासमोर गप्प बसलेलं मी जन्मात पहिल्यांदा बघत होते, आणि मला ते फार आवडलं.