कण्यांना लोखंडाची चव

ऐका राव, हसायचं ते शेवटी हसा. एका एवढ्याशा गोळीपायी मी आख्ख्या सोसायटीचं पाणी बंद पाडलंय! आईला रडवलं ते वेगळंच.

उन्हाळ्याच्या तोंडावर माझं पोट बिघडलं. बिघडलं म्हणजे काय विचारता! ताप, मुरडा, आणि चाकणच्या कंपनीत माझी ड्युटी मशीनवर कमी, संडासात जास्त. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. म्हणाले, "मोठ्या आतड्यात जंतुसंसर्ग आहे. अँटिबायोटिकचा कोर्स करावा लागेल." मग गोळ्यांबद्दल ते बरंच काही सांगत बसले. आणि मी? मी सुपरवायझरशी फोनवर शिफ्ट बदलून मागत होतो! एका कानात डॉक्टर, दुसऱ्या कानात सुपरवायझर. मान मात्र दोघांसाठीही हलवत होतो. हाती लागलं ते एवढंच, "जेवणानंतर घ्या."

मी आजारी म्हटल्यावर दापोडीहून आई आली. आमच्या चऱ्होलीच्या फ्लॅटमध्ये शिरल्या शिरल्या पदर खोचून म्हणाली, "कण्या करते."

कण्या माहितीयत ना? भरडलेली ज्वारी पाण्यात मऊ शिजवायची, वरून तेलाची धार. दापोडीच्या आमच्या खोलीत कुणी आजारी पडलं की हेच. वडील पहिली पाळी करून यायचे, हातपाय धुवायचे आणि माझ्याजवळ बसून फुंकर मारत घास भरवायचे. त्यांच्या बोटांना साबणाचा वास असायचा, आणि त्याखाली थोडा ऑइलचा. खरं सांगू? त्या घासासाठी मी खोटा खोटा आजारी पडायचो. वडील आता नाहीत. कण्या तेवढ्या उरल्यात.

तर मी मोठ्या आशेनं पहिला घास घेतला. आणि तोंडात काय आलं? लोखंड! जणू मशीनखालचा कीसच कुणी वाढला होता.

"आई, पातेलं बदललंस का?"

"न्हाई रे. का?"

"चव कशीतरीच लागतेय. लोखंडासारखी."

आईनं चाखून बघितलं. "मला तर बरी लागती." पण चेहरा उतरला तिचा. दुसऱ्या दिवशी तिनं पातेलं बदललं. तरी लोखंड! तेल बदललं. तरी लोखंड! बायको, सुनीता, म्हणाली, "टँकरच्या पाण्याचा दोष असेल."

बस्स! मला तेवढंच पाहिजे होतं. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'टाकीच्या पाण्याला लोखंडाची चव येते आहे. कुणाला जाणवली का?'

आता गंमत बघा. तोवर एकालाही काही जाणवलं नव्हतं. माझा मेसेज वाचल्याबरोबर सगळ्यांच्या जिभा जाग्या झाल्या! कुणाचा चहा लोखंडी, कुणाची डाळ लोखंडी. एका बाईंनी तर पाण्यात लोहचुंबक फिरवून बघितलं म्हणे! शेवटी चेअरमन काकांनी भरलेली टाकी उपसून घासायला लावली. भर उन्हाळ्यात! दिवसभर आख्खी बिल्डिंग बादल्या घेऊन जिन्यात. आणि मी गॅलरीतून बघतोय. जागरूक नागरिक!

संध्याकाळी स्वच्छ पाणी आलं. आईनं पुन्हा कण्या केल्या. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. घास घेतला, आणि माझं तोंड वाकडं झालं.

आई उठली. आत गेली. थोड्या वेळानं बघतो तर पिशवी भरतेय.

"कुठं निघालीस?"

"दापोडीला. तुझे वडील म्हणायचे, तुझ्या हाताला चव हाय. गेली वाटतं ती त्यांच्या मागं." आणि पदर डोळ्याला लावला.

काळजात चर्र झालं हो माझ्या. कशीबशी तिला सकाळपर्यंत थांबवली. सकाळी सुनीता म्हणाली, "तुमचं तोंड एकदा डॉक्टरांना दाखवा." गेलो तिघं.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "अहो, या गोळ्यांनी तोंडाला धातूसारखी चव येते. घाबरू नका, म्हणून सांगितलं होतं की मी! तुम्ही मान हलवलीत!"

सुनीतानं माझ्याकडे अशी काही नजर टाकली की मी डॉक्टरांच्या चष्म्याकडे बघायला लागलो.

"गोळ्या चालू आहेत ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"आज सकाळची नाही घेतली. पोट बरं वाटतंय, म्हटलं आता कशाला."

"बरं वाटलं म्हणजे जंतू गेले असं नाही! अर्धवट सोडलंत तर आजार उलटेल, आणि पुढच्या वेळी हीच गोळी चालणार नाही. घरी जाऊन काहीतरी खा आणि राहिलेली घ्या. पण पुढच्या वेळेला दोन एकदम घ्यायच्या नाहीत. कोर्स संपेपर्यंत, आणि नंतरही मी सांगेपर्यंत, दारूचा थेंब नको. आणि घरात कुणाचं पोट दुखलं म्हणून यातली गोळी त्याला द्यायची नाही."

या वेळी फोन सुनीताच्या पर्समध्ये होता.

बाहेर आल्यावर आईला म्हटलं, "तुझा हात चांगला आहे गं. माझीच जीभ बिघडलीय." ती हसली. घरी आल्यावर पिशवी रिकामी केली. चेअरमन काकांकडे मात्र तोंड लपवतच गेलो. "जय भीम काका, जरा चुकलंच." काका म्हणाले, "जय भीम. टाकी तरी स्वच्छ झाली बाबा! पण ग्रुपवर आता तू काही लिहू नकोस."

कोर्स पूर्ण केला. पोट ठणठणीत, तोंडातलं लोखंडही गेलं. मग आईनं मुद्दाम कण्या केल्या. समोर बसली, टक लावून. मी काय करावं? घास तोंडात जायच्या आधीच सुरू झालो, "वा! हीच ती चव! अगदी लहानपणची! आई, तुझ्या हाताला तोड नाही!" दुसऱ्यांदा वाढून घेतल्या. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं.

आई शांतपणे म्हणाली, "मीठ घातलंच न्हाई मी. म्हटलं, बघावं जीभ जागेवर आली का याची."