हलक्या दांड्याची स्टिक
गोल्फच्या बॅगेची चेन उघडली की मुठीच्या रबराचा वास येतो आणि तलवाड्याचं ते मोकळं रान आठवतं. तूर काढून झालेल्या शेतात खतासाठी आमच्या मेंढ्या बसवल्या होत्या; लेंड्यांचा नि लोकरीचा उबट वास पसरला होता. पुण्याच्या दुकानदाराने वापरून बघायला दिलेल्या दोन आयर्न, म्हणजे लोखंडी टोकाच्या, स्टिक मी गावी नेल्या होत्या. एकीचा दांडा स्टीलचा, दुसरीचा हलका, ग्राफाइटचा. वडिलांनी, आमच्या अण्णांनी, मेंढ्या वळताना काठीवर रेलावं तसं दोन्हींवर रेलून पाहिलं. हलकी वाकली. “ही टेकायला कामाची न्हाई,” ते म्हणाले. “टेकायचं नाही अण्णा, चेंडू मारायचाय.” “मग कोन्तीनं हात दुखत न्हाई?” माझं कोपर लई दिवस ठणकत होतं. “हलकीनं. पण सोबतचे हसतात, म्हाताऱ्याची काठी म्हणतात.” अण्णांनी स्वतःची काठी पुढे धरली. खांदा दुखायला लागल्यावर त्यांनीही बाभळीची जड काठी सोडून वेळूची हलकी घेतली होती. “मेंढरं काय काठी तोलून बघत्यात व्हय?” मी हलकीच घेतली. म्हणून आजही खेळतोय. चेंडू लांब गेला की मनात म्हणतो, हाही तोलून बघत नाही, अण्णा.