तंबूचा कौल

दरवर्षी सायकलवर कोकण फिरताना संगमेश्वरजवळच्या एका गावात माझा मुक्काम ठरलेला. देवळाच्या अंगणात तंबू ठोकू का विचारलं, की तिथले गुरव आधी देवाला कौल लावतात. मूर्तीवर दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार. दरवेळी डावंच पडतं. मग, "देव नाय म्हनतोय, काय करनार?" असं म्हणत ते तंबू स्वतःच्या अंगणात नेतात, भाकरी वाढतात, माझा प्रवास ऐकत बसतात. घरात दुसरं कोणी नसतं.

यंदा उजवं पडलं. मी तंबू उलगडायला घेतला. गुरव फुलाकडे बघतच राहिले. मग त्यांनी ते उचलून पुन्हा चिकटवलं, अंगठ्याने घट्ट दाबून.

"देवानं नीट ऐकलं नसंल."

मीही हात जोडले. देवाकडे नकार कसा मागायचा, तेच कळेना.