टमरेल घेऊन शाळेला

डॉक्टरांनी मायक्रोस्कोपवरून डोळा बाजूला केला आणि हसून म्हणाले, "सापडला. या मास्तर, तुम्हीच बघा."

मायक्रोस्कोप म्हणजे बारीक वस्तू मोठी करून दाखवणारे भिंगाचे यंत्र. मी वाकून पाहिले. पेजेसारखे काहीतरी गढूळ दिसले आणि त्यात एक ठिपका अंग पसरत, आवरत, हळूहळू सरकताना दिसला.

"याला अमीबा म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या आतड्यात याने बिऱ्हाड थाटलंय. रोगाचं नाव अमीबिक डिसेंट्री."

डिसेंट्री म्हणजे आव. साधी आव चार दिवसांत जाते. हा जीव पोटात राहिला की ती जाते आणि पुन्हा येते, जाते आणि पुन्हा येते. मी विचारले, "म्हणजे मी बरा होईन?"

"व्हाल की. पण मी सांगेन ते सगळं ऐकावं लागेल आणि मी विचारेन ते सगळं सांगावं लागेल."

मी हो म्हणालो. त्यांतली दुसरी अट मी कशी मोडली, ते पुढे येईलच.

हे मी लिहितो आहे ते रस्त्यात मध्येच जोराची लागते आणि कुणाला सांगता येत नाही, अशा माणसांसाठी. अशी माणसे पुष्कळ आहेत. ती बोलत नाहीत, म्हणून आपल्याला वाटते की जगात आपण एकटेच.

मी कागलच्या बाजूच्या एका खेड्यातला. घरात माझ्याआधी कुणी अक्षर गिरवले नव्हते. महाराजांनी आमच्यासारख्यांच्या मुलांसाठी वसतिगृहाची सोय केली, म्हणून मी कोल्हापुरात राहून शिकलो आणि बी. ए. झालो. निकाल कळला त्या दिवशी मामांनी गावात बैलांच्या शिंगांना गुलाल लावला. मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. तरुणपणी त्यांनी कुस्त्या मारलेल्या. पुढे ते म्हशी घेऊन कोल्हापुरात राहायला आले आणि मीही त्यांच्याकडेच राहू लागलो.

युरोपात लढाई चालू होती त्या सुमारास मला एका इंग्रजी शाळेत शिक्षकाची नोकरी मिळाली. पहिले वर्ष परीक्षेचे. वर्षअखेरीस शाळाखात्याचे साहेब येऊन तास पाहणार आणि तो पसंत पडला तरच नोकरी कायम, असे ठरले होते. अख्खे गाव या नोकरीकडे डोळे लावून बसले होते. माझ्यामागून आणखी दोन मुले वसतिगृहात यायची होती. मी परत गेलो असतो तर त्यांच्या वडिलांनी त्यांना औताला जुंपले असते.

आणि नेमकी तेव्हाच पोटाने दगा दिला.

पहिली कळ आली ती भर वर्गात. मी फळ्यावर इंग्रजी वाक्य लिहीत होतो. ते अर्धवट टाकून आवाराच्या मागच्या बाजूला पळालो. परत आलो तेव्हा फळ्यावरच्या वाक्यापुढे कुणीतरी पळणारा माणूस काढून ठेवला होता. चित्र बरे होते. पण हे पुन्हा झाले, आणि पुन्हा. मग हेडमास्तरांनी बोलावून शांतपणे सांगितले, "साहेबांच्या समोर असं झालं तर मला काही करता येणार नाही."

वर्गापेक्षा अवघड होता घर ते शाळा हा रस्ता. ज्यांना हा आजार झाला नाही त्यांना गावातली देवळे, तालमी, पेठा दिसतात. मला फक्त शेतखाने, म्हणजे संडास, दिसत. कोणत्या बोळात कुणाचे परसदार उघडे असते, कुठल्या घरात कुत्रे आहे, हे मला तोंडपाठ झाले.

त्यातून आमचे कोल्हापूर. इथे ओळखीचा माणूस दिसला आणि हाक न मारता सोडून दिला, तर तो अपमान. कळ आलेली, कपाळावर घाम, आणि पलीकडच्या कट्ट्यावरून आरोळी येई, "ओ मास्तर! रामराम! निगालासा कुठं एवढ्या घाईनं? या की, बसा की!" थांबावे तर आफत, न थांबावे तर "शिकला आणि शेफारला". पायाला पाय घट्ट लावून मी किती जणांची ख्यालीखुशाली ऐकून घेतली असेल, त्याला गणती नाही.

अर्ध्या वाटेवर बाबूभाई शिकलगारांचे दुकान होते. विळ्या, कात्र्या, तलवारींना धार लावणारे म्हातारे गृहस्थ. एकदा मी त्यांच्या दारात अक्षरशः वाकलो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि धारेचे चाक थांबवून मागच्या दाराकडे बोट केले. एक शब्द विचारला नाही. पाच मिनिटांनी मी नव्या माणसासारखा बाहेर आलो, तर हे पितळी पेला घेऊन उभे.

"घ्या मास्तर. आत्ताच धार काढलीया. कोमट हाय."

"नको बाबूभाई, उशीर होतोय."

"असं कसं? आमच्या घरात पाऊल टाकलासा आन् तसंच जाणार? लोक काय म्हणतील आम्हास्नी?"

मी पेला रिकामा केला. ज्याने आपली अब्रू राखली त्याच्या हातचे दूध नाकारणे मला जमले नाही. पुढे हे रोजचेच झाले. त्यांच्या पलीकडे आणखी दोन घरांत माझी अशी सोय झाली होती. तिथेही तेच. आत जायचे, मोकळे व्हायचे, बाहेर येऊन पेलाभर दूध प्यायचे आणि पुढच्या घरापर्यंत पळत सुटायचे. दोन गोष्टींचा काही संबंध असेल, हे बी. ए. झालेल्या माझ्या डोक्यात आले नाही.

मामांचे वेगळेच. माझे अंग उतरत चालले तसे त्यांनी ठरवले की हा आजार नव्हे, ही कमजोरी. "पुस्तकं वाचून वाचून आतडं वाळलंय पोराचं," असे म्हणून ते सकाळ-संध्याकाळ मला गोठ्यात नेत आणि चरवीतले धारोष्ण दूध तिथेच पाजत. वर बदाम आणि तूप. पैलवान याच्यावर उभे राहतात. मी बसत होतो.

शेवटी एक दिवस चक्कर येऊन पडलो, तेव्हा इस्पितळात आलो आणि डॉक्टरांना तो अमीबा सापडला.

उपचार होता एमेटीनची इंजेक्शने. एमेटीन हे एका मुळीपासून काढलेले औषध. इंजेक्शन म्हणजे पोकळ सुईने औषध कातडीखाली घालणे. तेव्हा ते नवीनच होते. डॉक्टरांनी आधीच बजावले, "याने काळजावर ताण येतो. रोज नाडी बघणार. खाटेवरून उठायचं नाही." दंडावर गाठी आल्या आणि तोंडाची चव गेली, पण काही दिवसांत आवेतून पडणारे रक्त थांबले.

पोट मात्र थांबेना. मायक्रोस्कोपखाली पुन्हा पाहिले तर जीव दिसत नाही आणि जोर तर तसाच. डॉक्टर रोज खाटेशी येऊन विचारत, "काय खाता ते सगळं सांगा."

मी अगदी प्रामाणिकपणे सांगे. सकाळी भाताची पेज, दुपारी मऊ भात, रात्री पेज.

"आणखी काही?"

"काही नाही, साहेब."

त्यांनी बिस्मथ नावाची पांढरी पूड देऊन पाहिली. ती आतड्याला आतून लेप देते. उपयोग झाला नाही. डॉक्टर विचारात पडलेले पाहून मला वाईट वाटे. चांगला माणूस माझ्या पोटापायी हरतो आहे, असे वाटे.

आणि एके सकाळी ते नेहमीपेक्षा लवकर आले. मामा माझ्या खाटेवर बसले होते. हातात चरवी, चरवीला फेस.

"हे काय?" डॉक्टर म्हणाले.

"दूध हाय सायब," मामा अभिमानाने म्हणाले. "माझ्या स्वतःच्या म्हशीचं. कच्चं, बिनपाण्याचं. तुम्ही बी घ्या थोडं."

"हे रोज आणता?"

"दोन येळंला. त्याबिगर का पोरगं जगलंय?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. "मास्तर, मी रोज विचारत होतो. आणखी काही खाता का?"

मी म्हणालो, "साहेब, हे खाणं नाही. हे दूध आहे."

मी खोटे बोलत नव्हतो. आमच्याकडे दूध खाण्यात धरत नाहीत. उपास असला तरी पितात, जेवण झाले तरी पितात, पोट भरले तरी पितात. वारा अंगाला लागला हे कुणी डॉक्टरला सांगते का? तसेच ते.

डॉक्टर खाटेच्या कडेला बसले आणि इतके हसले की पलीकडचे रोगी उठून बसले. मग डोळे पुसत म्हणाले, "काही रोग्यांना या दुखण्यात मी दूध देतो, पण उकळून आणि घोटघोट. तुमचं आतडं सोललेल्या गुडघ्यासारखं झालंय. त्याच्यावर तुम्ही दोन वेळा म्हैस सोडताय. आजपासून दूध बंद. पातळ ताक आणि उकळलेलं पाणी."

मामा ताडकन उठले. "दूध बंद? सायब, त्यापरीस सुई आणि टोचा, दोन टोचा, मला बी टोचा. पण कोल्हापुरात ऱ्हाऊन दूध बंद?"

"मामा, तुमची म्हैस चांगली आहे. भाचाही चांगला आहे. दोघांची सोयरीक फक्त थोडे दिवस पुढे ढकला."

मामा चरवी उचलून तरातरा निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले ते तीच चरवी घेऊन. मी घाबरलो. पण तिच्यात ताक होते, पाण्यासारखे पातळ, वर जिऱ्याची पूड. "ह्येला काय ताक म्हणायचं?" ते पुटपुटले आणि माझ्या तोंडाला पेला लावला.

आठवडाभरात पोट निवळले. घरी सोडताना डॉक्टरांनी मला समोर बसवले. म्हणाले, "रोग गेला. पण आतडं अजून बुजरं आहे. भीती वाटली की ते पळेल. अजून काही महिने रस्त्यात घाईची लागेल, तेव्हा काय करणार?"

मी बाबूभाईंचे घर सांगितले, बोळ सांगितले, हाका सांगितल्या.

"तुमच्या गावात सकाळी टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला कुणी हाक मारतं?"

"नाही, साहेब. त्याला कुणी रामरामसुद्धा घालत नाही. वाट सोडतात."

"मग पदवी मिळाल्यावर टमरेल का सोडलंत?"

अंगात कोट, डोक्याला फेटा आणि हातात टमरेल, हे चित्र मला फळ्यावरच्या चित्राहून वाईट वाटले. पण गावातली दोन मुले आठवली आणि मी ठरवले.

पहिल्या दिवशी मी पत्र्याचे टमरेल पाण्याने भरून, उघड हातात धरून, भर पेठेतून निघालो. कट्ट्यावरून नेहमीप्रमाणे आवाज आला, "ओ मास्त..." आणि तिथेच तुटला. कट्ट्यावरची सगळी मंडळी एकदम आभाळाकडे पाहू लागली. समोरून येणारी बैलगाडी बाजूला झाली. एवढा मान मला पदवीने कधी मिळवून दिला नव्हता.

आणि खरे नवल पुढेच. त्या दिवशी लागलीच नाही. टमरेल हातात आहे, कुणी अडवणार नाही, हे पोटाला कळले आणि ते स्वस्थ बसले. बाबूभाईंच्या दारात थांबलो ते फक्त सांगायला, की आता दूध नको, ताक चालेल. ते म्हणाले, "ताक? दुश्मनाला बी देत न्हाई आम्ही ताक." पण दिले.

वर्षअखेरीस शाळाखात्याचे साहेब आले ते दुपारी. वर्ग चिडीचूप. हेडमास्तर दाराशी. मी टमरेल भरून खिडकीत ठेवले होते, सगळ्यांना दिसेल असे. हेडमास्तरांचा चेहरा पडला. मी शिकवायला लागलो. मध्येच एक कळ आली. मी खिडकीकडे पाहिले, सावकाश श्वास घेतला, आणि ती आली तशी गेली. तास संपला. फळ्यावरचे वाक्य पुरे झाले होते.

साहेब उठून माझ्याजवळ आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "हे टमरेल कुणाचं?"

"माझं, साहेब." आणि मी दोन वाक्यांत आजार सांगितला. आता काय होईल ते होवो.

साहेबांनी एकदा दाराकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग आणखी हळू आवाजात म्हणाले, "सकाळपासून ही तिसरी शाळा. प्रत्येक ठिकाणी चहा. आणि कुणाला विचारायची सोय नाही. कोणत्या बाजूला?"

मी बोट दाखवले. साहेबांनी टमरेल उचलले आणि निघाले. व्हरांड्यातले शिपाई, शिक्षक, खुद्द हेडमास्तर, सगळे भिंतीला टेकून आभाळाकडे पाहू लागले.

माझी नोकरी कायम झाली. ती दोन्ही मुले आता वसतिगृहात आहेत.

मी डॉक्टरांचा ऋणी आहे, बाबूभाईंचा आहे, ताक करायला शिकलेल्या मामांचा आहे. ज्या शेतखान्यांनी मला वाचवले ते पहाटे कुणीतरी साफ करत होते आणि मैल्याची टोपली डोक्यावरून नेत होते. त्यांची नावे मी कधी विचारली नाहीत. आता विचारतो आणि रामरामही घालतो.

तुम्हाला असा त्रास असेल तर आधी डॉक्टर गाठा आणि सगळे सांगा, दूधसुद्धा. पाणी उकळून प्या. आणि काय लागते ते झाकू नका.

माझ्या वर्गाच्या दाराशी आता एक खिळा आहे. त्याला टमरेल टांगलेले असते. ज्याला लागेल त्याने उचलावे आणि जावे, परवानगी विचारू नये. तो जातो तेव्हा अख्खा वर्ग आभाळाकडे पाहतो, आणि मीही.