अर्जाच्या पोटातला अर्ज
कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास आला, की वर्ध्यातल्या एका महाविद्यालयाची संगणकखोली आठवते. चाळिशीनंतर वेबपाने करायला शिकून मी तिथे कामाला लागलो होतो. प्रवेशअर्जाचे पान फ्रेमवर्क, म्हणजे पाने आपोआप बांधणारी तयार आज्ञावली, तयार करी. वसतिगृह मागणाऱ्या मुलींसाठी त्याच्या पोटात आणखी एक छोटा अर्ज उमटे. त्याची 'संपला' ही खूण आली की ब्राउझर बाहेरचा अर्जही संपला असे समजे, आणि खाली भरलेले गुण पोहोचतच नसत. मुदतीच्या आठवडाभर आधी मी ही चूक भीत भीत दाखवली होती. "काका, दिसून राह्यलं नं बरोबर? मंग काऊन डोकं खाता?" माझ्याहून लहान असलेले संगणकखोलीचे प्रमुख हसले, आणि मी ती चूक तशीच राहू दिली. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी समुद्रपूरची एक मुलगी आमच्याच खोलीत बसून चौथ्यांदा अर्ज भरत होती. "सर, गुण टाकले तरी नाई घेत," तिचे वडील म्हणाले. "होस्टेल नाई भेटलं तं इचं शिक्षण बंद." मी पानाचे मार्कअप, म्हणजे त्याच्या आतल्या खुणा, दुरुस्त केले, तेव्हा पाचची मुदत टळून तीन मिनिटे झाली होती. "काका, आता दाबू?" तिने विचारले. मला 'नाही' म्हणवले नाही. मी होकारार्थी मान हलवली आणि तिने बटण दाबले. पडद्यावर 'मुदत संपली' एवढेच उमटले. आता अर्जात चूक दिसली की मी लगेच सांगतो. आवाज मात्र अजून कापतो.